रिकाम्या जागी शून्य भरा

"बाबा, आता एक तर तुमचा पोटमाळा राहील, नाहीतर माझी पदवी," असं लेकीने शुक्रवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं, आणि जुळारीकाकांच्या तोंडासमोरचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

हा पोटमाळा घरातला नव्हे. घर तिसऱ्या मजल्यावर, त्याला छतच इतकं खाली की पंखा लावताना उंच पाहुण्यांचा विचार करावा लागला होता. पोटमाळा होता कॉम्प्युटरमध्ये. काका ज्यात अक्षरजुळणी करत त्या प्रोग्रॅमचं वय इतकं झालं होतं की नवे कॉम्प्युटर त्याला ओळखही दाखवेनात. तेव्हा लेकीने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं एक सोंग उभं करून दिलं. एका चौकटीत तो जुना निळा पडदा उघडायचा आणि आपण खरोखरचं यंत्र आहोत अशा समजुतीत काम करत राहायचा. लेक त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायची. काकूंनी एकदा डोकावून पाहिलं, वर टाकलेली वस्तू कधीच खाली येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्याचं नाव पोटमाळा ठेवलं. तेच रूढ झालं.

काकांचंही नाव असंच रूढ झालेलं. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापासून त्यांची सुरुवात झाली, खिळे जाऊन जमाना झाला, तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना जुळारीकाकाच म्हणे. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी एकेक जोडाक्षर हाताने बसवलं होतं. 'ष्ट्र'चा पाय कुठे संपावा आणि 'द्ध'चं पोट किती सुटावं यावर ते तासन्‌तास बोलू शकत आणि संधी मिळाली की बोलत. पोटमाळा गेला असता तर ही सगळी अक्षरं गेली असती आणि अक्षरांबरोबर कामही. काका काम घरीच करायचे. काम गेल्यावर ते नुसतेच घरी बसले असते, आणि या दोन्हींत किती फरक आहे हे त्यांना नीट माहीत होतं.

त्यात प्रकाशकाची लक्षणं ठीक नव्हती. थोरले प्रकाशक निवृत्त होऊन चिरंजीव गादीवर आले होते, आणि चिरंजीवांचा आवाज फार गोड होता. "काका, किती दिवस त्या जुन्यात अडकून बसणार?" असं ते प्रत्येक फोनच्या शेवटी विचारत. चौथीची सराव पुस्तिका सोमवारी त्यांच्या हातात पडायची होती. लेकीच्या वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचे नकाशे आणि चित्रंही सोमवारीच द्यायची होती. दोन्ही कामं एकाच कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर म्हणत होता की जागा नाही.

"अर्ध्याहून जास्त डिस्क एकट्या पोटमाळ्याने खाल्लीये," लेक म्हणाली. "माझ्या चित्रातली इमारत अर्धी रंगते आणि बंद पडते."

"जागा हवी ना तुला? देतो," काका म्हणाले. "पोटमाळा झाडून लख्ख करून देतो. पण तो इथून हलणार नाही. मी सांगतोय."

आणि ते बसले झाडायला. वर्षानुवर्षांच्या पुस्तिका तिथे साठल्या होत्या. एकाच पुस्तिकेच्या 'अंतिम', 'खरी अंतिम', 'आता शेवटची अंतिम' आणि 'प्रकाशकाने पुन्हा बदललेली अंतिम' अशा प्रती होत्या. काकांनी दगडासारखं मन करून सगळं पुसलं. चालू पुस्तिकेच्याही जुन्या प्रती पुसल्या, एकच ताजी ठेवली. कचऱ्याची टोपलीदेखील रिकामी केली. दुपारी पोटमाळ्यातून पाहिलं तर निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसत होती. काका विजयी मुद्रेने पोटमाळ्यातून बाहेर आले, बाहेरच्या कॉम्प्युटरवर नजर टाकली, आणि पाहतात तो पोटमाळ्याने तसूभरही जागा सोडलेली नव्हती.

"कपाट रिकामं केलं म्हणून कपाट लहान होतं का?" काकू म्हणाल्या. काकू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होत्या. नळाला पाणी का नाही हे रोज शांतपणे समजावून सांगायची त्यांना सवय होती, आणि तोच स्वर त्या घरीही वापरत. काकांना त्या वाक्यापेक्षा तो स्वर जास्त लागला.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर भेटले. ते दातांचे डॉक्टर. काकांनी सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी मान वाकडी करून, काकांनी जणू आ वासला आहे अशा नजरेने ऐकून घेतली.

"किती वर्षांचा आहे?"

"आतला की बाहेरचा?"

"आतला."

"बराच जुना."

"मग काढून टाका काका. उगाच जपत बसलात की शेजारच्यालाही त्रास होतो."

डॉक्टरांना कशाबद्दलही विचारा, सल्ला हाच असायचा. भाडेकरूंबद्दल आणि जिन्यातल्या दिव्याबद्दलही त्यांनी हेच सांगितलं होतं. काकांनी आभार मानले आणि घरी आल्यावर स्वतःशीच म्हणाले, "दाढ आहे का ती, काढून टाकायला."

शनिवारी काकूंचा धाकटा भाऊ आला. काकांचा हा मेहुणा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा आणि त्यामुळे यंत्र या जातीबद्दल आपल्याला सर्व काही कळतं असा त्याचा समज होता. त्याने येताच सांगितलं, "भाऊजी, फॉरमॅट मारा." कशाला मारायचं, मारल्यावर काय उरेल, यात तो शिरला नाही. काकांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. मेहुण्यालाही त्या पाहण्याची सवय होती. तो चहा प्यायला बसला.

काका कॉम्प्युटरच्या दुरुस्ती केंद्रात गेले. तिथे काचेमागे एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या पडद्यावर भरायच्या चौकटी होत्या. चौकटी भरल्याशिवाय त्या मान वर करत नसत.

"मशीनचा नंबर सांगा."

"नंबर नाहीये त्याला. ते मशीन मशीनच्या पोटात आहे."

"मग ते बाहेर काढून आणा."

"बाहेर काढण्यासारखं नाहीये हो ते. तसं पाहिलं तर ते नाहीच आहे."

बाईंचे हात थांबले. "जे मशीन नाहीच आहे ते बिघडलंय, असं म्हणताय का तुम्ही?"

"बिघडलेलं नाही. फुगलंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. काकांचे कान तापले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या होत्या आणि आज त्यांचं एकही वाक्य धड होत नव्हतं. पण रांग सोडून जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यांच्यामागची रांग दारापर्यंत गेली तरी ते खिळ्यांच्या काळातून बाहेर आले नव्हते. शेवटी बाईंनी जेरीला येऊन पडद्यावर काहीतरी शोधलं आणि वाचून दाखवलं. आत पुसलेलं सामान खरं म्हणजे तिथेच पडून असतं, त्यावरचं नाव तेवढं निघतं. त्यामुळे कुठली जागा रिकामी आहे हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून आधी आतली सगळी रिकामी जागा शून्यांनी भरायची, मग बाहेरच्या कॉम्प्युटरवरून दाबायचं. शून्यं दिसली की तो तेवढा भाग आवळून घेतो.

"म्हणजे जागा रिकामी करायला आधी ती भरायची," काका म्हणाले.

"असं लिहिलंय. पुढचे कोण?"

दुसऱ्या कुणाला हे चमत्कारिक वाटलं असतं. काकांना लगेच पटलं. खिळ्यांच्या छपाईत दोन शब्दांमधली कोरी जागाही शिशाचाच तुकडा असायची, हाताला अक्षराइतकीच लागायची. ते त्या बाईंनाही सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण पुढचे खरोखरच पुढे आले होते.

तिथून ते थेट घरी आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रकाशकाचा फोन आला की मुखपृष्ठाचा नमुना बघायला छापखान्यात या. छापखान्यात यंत्रं धडधडत होती. काकांच्या डोक्यात मात्र पोटमाळाच होता. लेक मैत्रिणीकडे, काकू बाजारात. घरी फक्त मेहुणा. काकांनी त्याला फोन लावला.

"पोटमाळा उघडलेलाच आहे, त्यात जा," काका ओरडले, कारण त्या धडधडीत हळू बोललेलं ऐकू गेलं नसतं. "आणि तिथल्या सगळ्या रिकाम्या जागा शून्याने भर."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही सोडू नकोस."

"पण भाऊजी, उत्तरं..."

"उत्तरंबित्तरं विचारू नकोस मला. सांगतोय तेवढं कर. आयुष्यात एकदा तरी प्रश्न न विचारता एखादं काम कर."

मेहुण्याने केलं. त्याला दोष देता येत नाही. पोटमाळ्यात समोर चौथीची सराव पुस्तिका उघडी होती, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी मोठ्या, रेखीव, काकांनी स्वतः बसवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रिकाम्या जागा भरा.' मेहुण्याने टिंबांच्या सगळ्या ओळी शोधल्या आणि एका फटक्यात त्यांच्या जागी शून्य घातलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकही रिकामी जागा त्याने सोडली नाही. मग आपल्याकडून थोडं जास्तीचं काम म्हणून त्याने पुस्तिका प्रकाशकाला पाठवूनही दिली.

काका जिना चढत होते तेव्हाच प्रकाशकाचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा गोड होता.

"काका, सूर्य शून्य दिशेला उगवतो का?"

"काय?"

"पान सातवर आहे. शिवाय मधमाशी शून्य गोळा करते. आणि मोठी माणसं घरात आली की आपण त्यांना शून्य म्हणावं."

ते काहीतरी बोलले, काय ते त्यांना नंतर आठवेना.

"राहू दे काका," चिरंजीव म्हणाले. "दमलाय तुम्ही. तुमच्या जागी मी दुसऱ्या कुणाला तरी बघतो. नवी मुलं चटकन करतात."

"सोमवारी पुस्तिका येईल," काका म्हणाले. "ठरल्याप्रमाणे." आणि त्यांनी फोन ठेवला. प्रकाशकाच्या आधी फोन ठेवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

घरात शिरून त्यांनी मेहुण्याला जे सुनावलं ते डॉक्टरांनाही वर ऐकू गेलं. मेहुण्याचा चेहरा पडला. माणूस मनाने वाईट नव्हता. काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात त्याने ठरवलं की चूक आपली, तर निस्तरायची पण आपणच. जशी टिंबांच्या जागी शून्यं घातली, तशी शून्यांच्या जागी टिंबं घातली की झालं. त्याने तसं केलं आणि जपून ठेवलं.

काका पेला हातात घेऊन परतले. मराठीचे धडे खरोखरच पहिल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी गणिताचं पान उघडलं. चौथीच्या गणितात जितकी म्हणून शून्यं होती ती सगळी गेली होती. शंभराचा एक राहिला होता आणि पुढे टिंबांच्या दोन रांगा. 'एका टोपलीत २........ आंबे, तर १........ टोपल्यांत किती?' असं ते गणित आता कुठल्याच मास्तरांना सुटलं नसतं. पानांचे आकडे, उत्तरांची यादी, सनावळ्या, सगळीकडे टिंबं पसरली होती, आणि मुळातली टिंबं कुठली, मेहुण्याची कुठली, हे ओळखायचा मार्ग उरला नव्हता. जुन्या प्रती तर काकांनी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या, आणि प्रकाशकाकडे गेलेली प्रत त्या गोड आवाजाकडून परत मागणं त्यांच्याने झालं नसतं.

काका खुर्चीत बसले. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि त्या रडण्याचाच भयंकर राग आला.

तेवढ्यात लेक आली आणि काकू आल्या. सगळं ऐकून झाल्यावर घरात बैठक भरली. काकूंनी पाणीपुरवठ्याच्या स्वरात सांगितलं की झालं ते झालं, आता पोरीचं तरी होऊ दे, तो पोटमाळा काढा. डॉक्टर आवाज ऐकून खाली आले होते, त्यांनीही काढायला दुजोरा दिला. मेहुणा सर्वांशीच सहमत होता.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, पण आता त्यात उरलंय काय?"

"मी उरलोय. त्या पोरट्याला माझ्या जागी दुसरा बघायचाय. त्याने बघावा. पण माझी अक्षरं पुसायला मीच बोट पुढे करू? तिकडे तो काढतोय, इथे तुम्ही काढताय. मी काढणार नाही. पुस्तिका मी पहिल्या ओळीपासून परत जुळवीन, पण हिला जागा देऊन जुळवीन, आणि पोटमाळ्यातच जुळवीन." शेवटी त्यांचा आवाज चिरकला. काकूंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

लेक मात्र ऐकत नव्हती. ती केव्हापासून पडद्याकडे बघत होती.

"मामा, तू शून्यं फक्त या पुस्तिकेतच भरलीस ना? बाकी कुठे काही केलं नाहीस?"

"बाकी कुठे काय करायचं असतं?"

"बाबा," लेक सावकाश म्हणाली, "मामाने चुकीच्या जागी शून्यं भरली. म्हणजे खऱ्या रिकाम्या जागेला कुणी हातही लावलेला नाही. त्या बाईंनी काय सांगितलं तुम्हाला? पुसलेलं तिथेच पडून असतं."

काका खुर्चीतून ताडकन उठले. पुसलेलं परत शोधायचा प्रोग्रॅम लेकीला ठाऊक होता. फक्त त्याला वेळ लागणार होता, आणि तोवर तिची इमारत रंगवायचं काम बंद ठेवावं लागणार होतं. ती हे बोलली नाही. तिने जागा करायला आपले नकाशे गुंडाळून डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सुट्या डिस्कवर हलवले, तिथे ते दाढांच्या फोटोंशेजारी राहिले, आणि पोटमाळ्यात शोध सुरू केला. एकेक पुसलेली वस्तू नाव गमावून वर येऊ लागली. चालू पुस्तिकेची 'खरी अंतिम' काकांनी पानांवरून ओळखली ती रविवारी सकाळी. मधल्या सगळ्या दुरुस्त्या तीत नव्हत्या, पण शून्यं सगळी जागच्या जागी होती. काकांनी शंभरातली दोन्ही शून्यं बोट ठेवून मोजली.

मेहुण्याने तेव्हापासून एकच पालुपद लावलं, की आपण योग्य जागी शून्यं भरली असती तर जुन्या प्रती कायमच्या गेल्या असत्या. यात खोट काढता येत नसल्यामुळे काकांना फार त्रास झाला.

रविवारभर बापलेक एका टेबलावर होते. काकांनी दुरुस्त्या आठवून आठवून घातल्या, लेक वाचून दाखवत होती. पुस्तिका तयार झाली, तिची प्रत बाहेर काढून ठेवली, आणि मग काकांनी स्वतः, कुणालाही फोन न करता, पोटमाळ्यातली खरी रिकामी जागा शून्यांनी भरायला लावली. पोटमाळा आधी फुगला. इतका फुगला की कॉम्प्युटरने जागा संपल्याचा इशारा दिला, काकूंनी डोळे मिटले, आणि डॉक्टर "मी म्हटलं होतं," एवढंच म्हणाले. काका ढिम्म हलले नाहीत. भरून झाल्यावर त्यांनी बाहेरून दाबायची आज्ञा दिली. पोटमाळा आवळत आवळत पूर्वीच्या निम्म्याहून लहान झाला. लेकीने डॉक्टरांच्या दाढांमधून आपली इमारत परत आणली, आणि ती पहिल्यांदाच अर्ध्यात न अडता छपरापर्यंत रंगली.

सोमवारी सकाळी लेक तिच्या वाटेने गेली आणि काका पुस्तिका पिशवीत घालून प्रकाशकाकडे. कचेरीच्या काचेच्या दारावर एक ताजा कागद चिकटवला होता. नव्या, चटकन येणाऱ्या अक्षरांतला. जोडाक्षरं मोडलेली, रफार भलत्याच डोक्यावर बसलेला. काकांनी चष्मा लावून तो वाचला. 'अक्षरजुळणी विभाग. रिक्त जागा : १.'

आतून प्रकाशक काचेतून बघत होते. काकांनी खिशातून लाल पेन काढलं. आधी रफार जागेवर नेला. मग त्या एकावर मुद्रितशोधनाची खोडायची खूण केली, समासात रेघ ओढली, आणि तिच्या टोकाशी चांगलं गोल, पोट भरलेलं शून्य काढलं. मग ते आत गेले आणि पुस्तिका प्रकाशकांच्या टेबलावर ठेवली.

"पुस्तिका आणलीये," काका म्हणाले. "आणि बाहेर दारावर चुका होत्या, त्या सुधारून आलोय."